'नीट बस' म्हणून पाठ सरळ होत नाही!

दहावी-बारावीच्या वर्षात आपल्या घरांमध्ये सगळ्यात जास्त वेळा उच्चारले जाणारे दोन शब्द कोणते? माझ्या मते, "नीट बस!" त्याच्या जोडीला "पोक काढू नकोस", "किती वाकून लिहितोस", "आत्ताच म्हातारा झालास का?" हेही असतंच. मूल दोन मिनिटं परेडला उभं असल्यासारखं ताठ होतं. आई स्वयंपाकघरात गेली की पुन्हा वहीवर ओणवं! ही रस्सीखेच रोज चालते. शेवटी आई-बाबा वैतागून त्याला माझ्याकडे घेऊन येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, आता तुम्हीच सांगा याला."

मी हाडांचा डॉक्टर. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेली बरीच वर्षं प्रॅक्टिस करतोय. पूर्वी पाठ-मान दुखते म्हणून येणारे लोक शेतात राबणारे किंवा चाळिशी उलटलेले असायचे. आता त्या बाकावर गणवेशातली मुलंही बसलेली दिसतात. म्हणून या लेखात विद्यार्थ्यांची बसण्याची पद्धत, त्यामागचं शास्त्र आणि घरच्या घरी मोबाइलच्या मदतीने काय करता येतं, हे सांगणार आहे. एका मुलीची गोष्टही सांगणार आहे. ती शेवटपर्यंत वाचा, कारण ती तुमच्याही घरातली असू शकते.

आधी शास्त्र काय म्हणतं ते पाहू

माणसाच्या डोक्याचं वजन साधारण साडेचार ते साडेपाच किलो असतं. डोकं खांद्यांच्या बरोबर वर असलं की हा भार मणके सहज पेलतात. मान पुढे झुकली की भार पुढे सरकतो आणि तो तोलून धरायला मानेमागच्या स्नायूंना सतत ओढून धरावं लागतं. भरलेली घागर अंगाशी धरा आणि मग हात लांब करून धरा, म्हणजे फरक लगेच कळेल. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकावर या ताणाचं गणित मांडलं. मान ६० अंश झुकली तर मानेवर सुमारे २७ किलोचा भार येतो, असं त्यात निघालं. मोबाइलमुळे मानेचं वाटोळं होतं असं सांगणारे जे फॉरवर्ड तुम्हाला येतात, त्यांतला आकडा बहुतेक वेळा हाच असतो.

पण हे गणित आहे, मुलांना तपासून काढलेला निष्कर्ष नाही, हे लक्षात ठेवा. प्रत्यक्ष मुलांवर झालेला एक अभ्यास पश्चिम ऑस्ट्रेलियातला आहे. तिथे सतरा वर्षांच्या अकराशेहून जास्त मुलामुलींची बसण्याची पद्धत फोटोंवरून मोजली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पोक काढून, मान पुढे घालून बसणाऱ्या मुलांना मानदुखी जास्त असेल असं सगळ्यांनाच वाटत होतं. तसं आढळलं नाही! ताठ बसणारी आणि वाकून बसणारी, दोन्ही प्रकारच्या मुलांमध्ये मानदुखीचं प्रमाण सारखंच होतं. एक गोष्ट मात्र दिसली. पोक काढून बसणाऱ्या गटात उदासीची लक्षणं जास्त होती.

पाठीच्या बाबतीतही असंच आहे. मणक्यांमधल्या गादीवरचा दाब १९६० च्या दशकात स्वीडनच्या अल्फ नाखेमसन यांनी प्रत्यक्ष सुई घालून मोजला. उभं राहण्यापेक्षा टेकू न घेता बसल्यावर दाब वाढतो, असं त्यांना आढळलं. १९९९ मध्ये जर्मनीत एका माणसाच्या गादीत सेन्सर बसवून पुन्हा मोजमाप झालं. त्यात पुढे वाकून बसल्यावर दाब खूप वाढला, पण खुर्चीत मागे रेलून, पाय पसरून, म्हणजे आपण ज्याला 'आळशासारखं बसणं' म्हणतो तसं बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षाही कमी भरला.

मग "नीट बस" म्हणणाऱ्या सगळ्या आया चुकल्या का? नाही. त्यांना दिसतं ते खरंच असतं, त्याचं कारण मात्र वेगळं असतं.

खरा शत्रू वाकणं नाही, गोठून बसणं आहे

मणक्यांमधल्या गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. आपण हालचाल करतो, दाब कमी-जास्त होतो, तेव्हा पाणी आणि अन्नद्रव्यं तिच्यात झिरपतात. स्नायूंचंही तसंच. एखादा स्नायू तासन्‌तास थोडासा आकसून राहिला तर त्यातला रक्तपुरवठा मंदावतो, तो अवघडतो आणि ठणकू लागतो. मणक्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध एकाच ताणाखाली राहिले की हळूहळू सैलावतात. म्हणजे ताठ बसलेला मुलगासुद्धा तीन तास हललाच नाही, तर त्याचीही पाठ दुखणार.

आता विद्यार्थ्याचा दिवस आठवून पाहा. सकाळी शाळा, बाकावर पाच-सहा तास. उंच मुलाला आणि बुटक्या मुलीला बाक एकाच मापाचा. दुपारी क्लास. संध्याकाळी गृहपाठ, कधी पलंगावर पालथं पडून, कधी जमिनीवर मांडी घालून आणि वही थेट फरशीवर ठेवून. रात्री मोबाइल. या सगळ्यात धावणं, लोंबकळणं, चढणं कुठे आहे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलंय की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करायला हवी. आठवी-नववीपर्यंत थोडंफार खेळतात. दहावी आली की पहिली गदा खेळावर! "एकच वर्ष आहे" म्हणत बारावी संपते, पुढे प्रवेश परीक्षा, आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत तर आणखी काही वर्षं. पाठीचे आणि पोटाचे स्नायू घडण्याचं वय नेमकं तेच असतं.

दप्तराचा मुद्दाही इथेच सांगतो. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये आणि नंतर केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणाने दप्तराची मर्यादा मुलाच्या वजनाच्या १० टक्के ठरवली आहे. म्हणजे ४० किलोच्या मुलाचं दप्तर ४ किलोपर्यंत. आज घरच्या वजनकाट्यावर मुलाला एकदा दप्तरासह आणि एकदा दप्तराशिवाय उभं करा. बऱ्याच घरांत पाण्याची बाटली आणि वेळापत्रकात नसलेली पुस्तकं काढली तरी काम भागतं. पट्टे दोन्ही खांद्यांवर, आणि दप्तर कमरेखाली लोंबकळणार नाही इतके आखूड ठेवा.

मोबाइलला कामाला लावा

बोलणी खाऊन पाठ सरळ होत नाही, कारण मुलाला आपण वाकलोय हे जाणवतच नाही. मेंदूला सवयीची ठेवण हीच सरळ वाटते. त्यासाठी आरसा लागतो. आणि आज तो आरसा प्रत्येकाच्या खिशात आहे.

गेल्या वर्षी नीटची तयारी करणारा एक अकरावीचा मुलगा आला होता. मान दुखते, संध्याकाळी डोकं चढतं. वडिलांनी ऑनलाइन मागवून पाठीला बांधायचा पट्टा आणला होता, तो त्याने दोन दिवसांत कपाटात टाकला. त्यावरून घरात रोज वाद. मी त्या मुलाला वेगळंच काम दिलं. म्हटलं, "मोबाइल बाजूच्या कपाटावर ठेव, टाइमलॅप्स लाव आणि एक तास नेहमीसारखा अभ्यास कर. दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस, तू एकटा बघ."

पुढच्या आठवड्यात तो हसत आला. म्हणाला, "सर, पहिल्या दहा मिनिटांत मी माणूस आहे, मग हळूहळू कासव होतो." तासाभराचा अभ्यास मिनिटभरात पाहिल्यावर त्याला दोन गोष्टी दिसल्या होत्या. एक, त्याचा टॅबलेट टेबलावर आडवा पडलेला असल्यामुळे मान खाली जाण्यावाचून इलाजच नव्हता. दोन, तो त्या तासात एकदाही जागचा उठला नव्हता. आम्ही टॅबलेटखाली जुनी जाडजूड पुस्तकं रचली, अर्ध्या तासाचा गजर लावला आणि दहा मिनिटांचा व्यायाम दिला. दोन महिन्यांत त्याचं दुखणं बरंच कमी झालं. व्हिडिओने त्याला बरं केलं नाही. पण वडिलांनी शंभरदा सांगितलेलं त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं, आणि त्याचं शरीर त्याच्या ताब्यात आलं.

तुम्हालाही घरी हे करता येईल:

१. बाजूने फोटो: मुलाला नेहमीसारखं सैल उभं राहायला सांगा आणि बाजूने फोटो काढा. कान, खांदा आणि कंबरेचं हाड साधारण एका ओळीत येतात का पाहा. महिन्यातून एकदा पुरे, रोज नको.

२. टाइमलॅप्स: अभ्यासाचा एक तास. पाहायचा मुलानेच.

३. गजर: दर ३० मिनिटांनी. गजर झाला की उठून पाणी प्यायचं, गच्चीपर्यंत जाऊन यायचं. एवढंही पुरतं.

४. पडद्याची उंची: लॅपटॉप किंवा टॅबलेटचा वरचा काठ डोळ्यांच्या थोडा खाली येईल इतका उंच. त्यासाठी महागडा स्टँड नको, पुठ्ठ्याचा खोका चालतो. लिहायचं पुस्तक तिरपं ठेवा. पोथी वाचायला घडीचं लाकडी स्टँड वापरतात, मुनीमजींचं डेस्क उतरतं असायचं, ते उगाच नव्हतं! जमिनीवर बसणाऱ्या मुलाला पुढ्यात चौरंग द्या.

वाकलं की थरथरणारी यंत्रं बाजारात मिळतात. पहिले काही दिवस गंमत वाटते, मग मुलं ते थरथरणं दुर्लक्षित करायला शिकतात. हजारो रुपये त्यात घालण्यापेक्षा मुलाला सायकल दुरुस्त करून द्या. पट्ट्यांबद्दलही तेच. पट्ट्याने बाहेरून ओढून धरलं म्हणून आतले स्नायू बळकट होत नाहीत.

एक विनंती. मुलांचे हे फोटो घरच्या किंवा शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. वयात येणारं मूल आधीच स्वतःच्या शरीराबद्दल हळवं असतं. त्याला विचारून फोटो काढा आणि काम झालं की पुसून टाका.

रोजची दहा मिनिटं

हे व्यायाम मी गावातल्या एका शाळेत पीटीच्या सरांबरोबर आठवी-नववीच्या मुलांकडून करून घेतो. यांना साधनं लागत नाहीत.

• हनुवटी मागे: ताठ बसून, डोकं न वाकवता हनुवटी सरळ मागे न्यायची, जणू मागच्या भिंतीला डोकं टेकवायचंय. ५ सेकंद धरायचं, १० वेळा.

• भिंतीवरचे हात: पाठ भिंतीला टेकवून उभं राहायचं, कोपरं वाकवून हात भिंतीवर, आणि ते भिंतीला घासत वर-खाली न्यायचे. १० वेळा. पहिल्या दिवशी अनेकांचे हात भिंतीला टेकतच नाहीत.

• मार्जारासन: ओणवं होऊन पाठ वर-खाली. १० वेळा.

• भुजंगासन आणि शलभासन: पाठीच्या मागच्या स्नायूंसाठी. प्रत्येकी ३ ते ५ वेळा, श्वास न कोंडता.

• प्लँक: कोपरांवर आणि चवड्यांवर शरीर फळीसारखं धरायचं. १५ सेकंदांपासून सुरुवात.

• सूर्यनमस्कार: जमतील तेवढे. आमच्या जिल्ह्यातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले होते, हे मी मुलांना मुद्दाम सांगतो.

हे सगळं खेळाऐवजी नाही, खेळाच्या जोडीला आहे. कबड्डी, पोहणं, मल्लखांब, झाडावर चढणं, काहीही चालेल.

आता त्या मुलीची गोष्ट

नववीतली मुलगी. आई घेऊन आली होती, सूर तक्रारीचा. "वर्षभर सांगतेय डॉक्टर, वाकडी उभी राहते, एक खांदा पाडून चालते. ऐकतच नाही. मैत्रिणींत चवळीच्या शेंगेसारखी उंच झालीय, म्हणून लाजून वाकते असं वाटलं." मुलगी खाली मान घालून गप्प. ती तशी लाजत असेलही. या वयात बऱ्याच मुली उंची वाढली म्हणून किंवा छाती झाकायला खांदे पुढे ओढून चालतात, आणि त्यावर टोचून बोलण्याने त्या आणखी आक्रसतात.

पण मी तिला आईसमोर, दोन्ही तळवे जुळवून कमरेतून पुढे वाकायला सांगितलं. पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा स्पष्ट वर उचललेली दिसत होती. या तपासणीला ॲडम्स चाचणी म्हणतात. विल्यम ॲडम्स या इंग्रज डॉक्टरांनी १८६५ मध्ये तिचं वर्णन केलं. तिला एक मिनिट लागतं आणि खर्च शून्य. एक्स-रे काढला. मणका बाजूला वळलेला होता आणि तो बाक तिशीच्या पुढच्या अंशांत होता. हा स्कोलिओसिस. वयात येणाऱ्या मुलांमध्ये याचं प्रमाण २ ते ३ टक्के असतं आणि मोठा बाक मुलींमध्ये जास्त दिसतो. तो वाकून बसल्याने होत नाही, दप्तराने होत नाही, आणि "नीट उभी राहा" म्हटल्याने जात नाही. सुरुवातीला तो दुखतही नाही, म्हणून लक्षात येत नाही.

आईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ती म्हणाली, "आणि मी हिला मारलंसुद्धा होतं एकदा." मुलगी पहिल्यांदा वर बघून म्हणाली, "मी सांगत होते ना आई, मी सरळच उभी आहे."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. ती खरंच सरळच उभी होती, तिला जमेल तितकी.

तिची वाढ अजून बाकी होती, हे तिचं नशीब. वाढ चालू असताना मध्यम बाकाला ब्रेस लावता येतो. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यापर्यंत गेला नाही. नुसतं लक्ष ठेवलेल्यांमध्ये हे प्रमाण ४८ टक्के होतं. आणि ब्रेस जितके तास जास्त, तितका फायदा जास्त. मी तिला मणक्याच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. ती आता गणवेशाच्या आत ब्रेस घालून शाळेत जाते. सोपं नाही, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. पण बाक थांबला आहे. आईने एक काम छान केलं. तिने शाळेत जाऊन पीटीच्या सरांना सगळं समजावलं, आणि आता ते दर वर्षी सगळ्या वर्गांची ॲडम्स चाचणी करून घेतात. मुलींची तपासणी शिक्षिका करतात, बंद खोलीत, एकेकीची.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

• पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू वर दिसली, किंवा खांदे अथवा कंबर असमान दिसली.
• पाठीचं पोक मुलाने प्रयत्न करूनही सरळ होत नसलं.
• दुखण्याने रात्री झोपमोड होत असली, सोबत ताप किंवा वजन घटत असलं.
• सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ पाठ आखडलेली राहत असली.
• हातापायांत मुंग्या, अशक्तपणा, किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेल्यासारखा वाटला. यात तर एक दिवसही थांबू नका.
• साधं दुखणंसुद्धा तीन-चार आठवड्यांत उतरलं नाही.

आणि मूल वाकतंय, बोलत नाही, खेळायला जात नाही, रात्रीची झोप उडालीय असं सगळं एकत्र दिसलं, तर पाठीआधी मनाची चौकशी करा. खांदे पाडून बसलेल्या मुलाला कधी कधी पट्टा नको असतो, कुणीतरी शेजारी येऊन बसायला हवं असतं.

तेव्हा पालकहो, उद्या "नीट बस" हे शब्द ओठांवर आले की त्याऐवजी "चल, जरा चक्कर मारून येऊ" म्हणून पाहा. आणि या रविवारी एकदा, अंघोळीनंतर, मुलाला किंवा मुलीला तळवे जुळवून पुढे वाकायला सांगा. मागे उभं राहून एक मिनिट तिची पाठ नीट पाहा. तुमच्या मुलांच्या पाठीबद्दल काही शंका असतील तर खाली जरूर विचारा.